डाव्या बाजूचं दाट काम

‘नवरीची ओढणी भरताना तुमच्या मनात काय येतं हो?’ असं मला पुष्कळ बायका विचारतात. विचारताना मान जरा कलती करतात, आवाज मऊ करतात. मी म्हणेन आशीर्वाद येतात, असं त्यांना वाटत असतं. मनात कंबर येते, बाई. कंबर, मान आणि उजव्या हाताचा अंगठा. दिवसाचे सात तास वाकून बसणाऱ्या बाईच्या मनात आणखी काय येणार? या अंकाच्या संपादकबाईंनीही फोनवर ‘काहीतरी हळवं लिहा’ असं सांगितलं. मी म्हटलं, मला लिहायला सांगाल तर मी रागाचंच लिहीन. त्या चालेल म्हणाल्या. म्हणून लिहिते.

मी रेवदंड्याची. हे काम मला आग्नेसबाईंनी शिकवलं. त्या खाडीपलीकडच्या, कोर्लईच्या. ख्रिस्ती नवरीच्या डोक्यावरून जी पांढरी जाळी सोडतात, तिच्यावर त्या मोती लावायच्या. बत्तीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले, ती त्यांचे डोळे जाईपर्यंत बसले. पुढे मुरूडकडच्या मुसलमान घरांतून ओढण्या येऊ लागल्या. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या हिंदू मुलींनाही नऊवारीवर जाळीची ओढणी हवीशी झाली. त्यामुळे माझ्या पडवीतला अड्डा कधी रिकामा राहिला नाही.

अड्डा म्हणजे चार दांड्यांची लाकडी चौकट. तिच्यावर जाळी ताणून बसवायची. एक हात खाली, दोरा पुरवायला. दुसरा वर, त्यात आरी, म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई. कापडावर नक्षी खडूच्या पुडीने उठवता येते. जाळीवर पूड टिकत नाही, भोकांतून खाली पडते. म्हणून नक्षीचा कागद जाळीखाली लावायचा आणि आरपार बघून काम करायचं. टाका घ्यायचा तो जाळीच्या दोऱ्यावर. जोर जास्त झाला तर भोक फाकतं, आणि एकदा फाकलेलं भोक जन्मभर दिसतं.

पण खरी अक्कल लागते ती वजनाला. ओढणी लटकते कशावर? चार पिना आणि नवरीचे केस, एवढ्यावर. म्हणून डोक्यावर हलकं काम, काठाला जड, आणि दोन्ही बाजूंना भार सारखा. आग्नेसबाई तयार ओढणी मधोमध बोटावर उचलायच्या. ती एका अंगाला गेली की म्हणायच्या, ‘सुनंदा, उसव.’ रडू यायचं. पण उसवायची.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. अलिबागच्या एका बंगल्यावरच्या लग्नात फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याचं उडतं यंत्र नवरीच्या इतकं जवळ आणलं, की पाच हात लांब ओढणी तिच्या डोक्यावरून उडून भटजींच्या अंगावर पडली. वर तिच्या वडिलांनी मलाच विचारलं, ‘पिना लोकल होत्या का?’ कोर्लईच्या एका मुलीने आदल्या दिवशी ओढणी अंगावर घेतली आणि आजीला दाखवायला थेट बोंबील वाळत घातले होते तिथे गेली. तीन पाण्यांतून काढली तरी वास हलेना. शेवटी ती म्हणाली, ‘राहू दे बाय, नवरा पण होडीवरच असतो.’ त्या मुलीवर मी कधीच रागावले नाही.

राग आहे तो अनघाच्या ओढणीचा.

शैलावहिनी, म्हणजे अनघाची आई, चौलच्या. नारळ-सुपारीची मोठी वाडी, नवरा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, घराला मान. वाडीवाल्या घरांमधली माझी पहिली ओढणी त्यांच्या भाचीची. पुढच्या कितीतरी मुली त्यांनीच माझ्याकडे पाठवल्या. त्या आल्या की मी हातातलं काम बाजूला ठेवून उठत असे.

त्या दिवशी त्या एकट्याच आल्या. अनघाचं ठरलं होतं. मुलगा पनवेलचा, घरचा ट्रकांचा धंदा. माझ्यासोबत हिरा बसली होती. हिरा कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची, वीस वर्षं माझ्या अड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला बसणारी. वहिनींनी तिच्याकडे बघितलं आणि मला हळूच आत बोलावलं.

‘सुनंदाताई, ओढणीचं काम जरा वेगळं करायचं आहे. डाव्या बाजूला, इथून इथपर्यंत दाट हवं.’ त्यांनी स्वतःच्या कपाळाच्या कडेपासून कानाखालपर्यंत बोट फिरवलं. ‘इतकं दाट, की आरपार दिसता कामा नये.’

‘आणि उजव्या बाजूला?’

‘तिथे तुमचं नेहमीचं करा.’

मी कारण विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. अनघाला कोड आलं होतं. कपाळाच्या कडेला एक डाग आणि कानाखाली एक. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. बघण्याच्या कार्यक्रमात मेकअपने निभावलं. पण लग्न मे महिन्यात, घाम येणार, दिवसभर उभं राहायचं. ‘लग्न लागलं की आपण सांगूच ना त्यांना,’ वहिनी म्हणाल्या. ‘फसवायचं थोडंच आहे?’

इथे मला थांबून सांगायला हवं की मी काय केलं. मी नाही म्हटलं नाही. वहिनींची भीड होती, ते खरं. पण त्याहून वाईट गोष्ट अशी, की मला ते काम करून बघावंसं वाटलं. जाळीवर इतकं दाट भरायचं आणि जाळी फाटू द्यायची नाही, हे आमच्यात कोणी केलेलं नव्हतं. वहिनी जायच्या आधीच माझ्या डोक्यात वेल तयार झाली होती. कपाळावरून उतरणारी, जाईच्या पानांची, पानांवर पानं. मुलीचा विचार शेवटी आला. आला की नाही, तेही आता नक्की सांगता येत नाही.

हिराला मी सगळं सांगितलं. नक्षीचा कागद बघून ती म्हणाली, ‘ताय, भार सगला येकाच अंगाला हाय. पोरीची मान दुखंल.’

‘उजव्या काठाला आतून वजन देऊ,’ मी म्हटलं.

‘मंजे आनकी भार. आनि तिला इचारलं का कुनी?’

मी म्हटलं, ‘तू मोती ओव.’

अनघा मापाला आली तेव्हा ओढणी अर्धी झाली होती. अलिबागला औषधांच्या दुकानात काम करायची, फार्मसी शिकलेली, बोलायला नीट. ती अड्ड्याजवळ उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘छान झालंय, काकू. एवढं सुंदर काम मी बघितलं नाही.’

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग ती म्हणाली, ‘हे काढता येईल का?’

‘काढायचं म्हणजे?’

‘म्हणजे दोन्हीकडे सारखं, साधं. डाग दिसले तर दिसू देत. मी आईला शंभरदा सांगितलं, ती ऐकत नाही. तुम्ही जमत नाही म्हणालात तर ऐकेल. म्हणा ना, की जाळी फाटते.’

एवढंच मागत होती ती. जाळी फाटते, एवढं वाक्य. आणि मी काय म्हणाले? ‘माझ्या हातून जाळी फाटत नाही, अनघा.’

ती हसली नाही, रडलीही नाही. ‘बरं,’ म्हणाली आणि मापाला उभी राहिली. हिराने मोत्यांची परात दाणकन खाली ठेवली आणि उठून चूळ भरायला बाहेर गेली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आठवड्याने अनघा पुन्हा आली, बरोबर मुलगा. केतन. तिने फोन करून विचारलं होतं, ‘काकू, तुमच्या पडवीत दहा मिनिटं बोललो तर चालेल का? दुसरीकडे कुठे बसलं की गावभर होतं.’ मी हो म्हटलं. आधी तिचं ऐकलं नव्हतं, म्हणून असेल.

मुलगा दिसायला चांगला, गाडीतून आलेला, पाया पडला. अनघाने त्याला समोर बसवलं, रुमालाने स्वतःच्या कपाळावरचा मेकअप पुसला, कानाखालचा पुसला आणि मान वळवून दाखवलं. ‘हे कोड आहे. पसरेल की नाही, सांगता येत नाही. याने कोणाला काही होत नाही, पण जायचं नाही कदाचित. तुला माहीत नसताना मला लग्न करायचं नाही.’

मी आणि हिरा अड्ड्यावर खाली मान घालून बसलो होतो. हातातली आरी थांबली होती.

केतनने डाग जवळून बघितले. मग म्हणाला, ‘मला काही इश्यू नाही, अनघा. खरंच. उगाच टेन्शन घेतलंस.’

हिराने वर बघितलं. मीही. अनघाचे खांदे इतके खाली आले, की ती इतके दिवस ते उचलून धरून होती हे मला तेव्हा कळलं.

मग तो म्हणाला, ‘फक्त आमच्या घरी आत्ता नको. आत्या आहे, बाबा आहेत, ऐनवेळी सीन होईल. लग्न होऊन जाऊ दे, मग मी समजावतो.’ आणि उठून अड्ड्यापाशी आला. माझं काम निरखून बघितलं. ‘काकू, एक नंबर काम आहे. हे अजून थोडं खाली घेता येईल का? मानेपर्यंत? फोटोमध्ये साईडने दिसतं ना.’

इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मला कोणी असं बोललं नव्हतं. तो वाईट बोलला नाही, गोड बोलला. मी अनघाकडे बघितलं. ती रुमालाची घडी घालत होती.

‘घ्या, काकू,’ ती म्हणाली. ‘माप घ्या मानेपर्यंत.’

मी माप घेतलं. मी उठून त्या मुलाला घराबाहेर काढायला हवं होतं, निदान अनघाला बाजूला नेऊन बोलायला हवं होतं. मी टेप उचलली, तिच्या कानापासून खांद्यापर्यंत धरली आणि आकडा कागदावर लिहिला. स्वतःला सांगितलं, मुलाला माहीत आहे, मुलीला मान्य आहे, आपण कोण? ‘आपण कोण’ हे वाक्य आमच्या धंद्यात फार सोयीचं आहे. त्याच्याआड बसून आयुष्य काढता येतं.

ओढणी वेळेत पूर्ण झाली. बोटावर उचलून मी ती बघितलीच नाही.

लग्नाच्या दिवशी पिना लावायला मीच जाते. नवरीला ओढणी बसवणं हे काम दुसऱ्या कोणाला जमत नाही. रस्त्यालगतचं कार्यालय, पत्र्याचं छत, वर मे महिन्याचं ऊन. नवरीच्या खोलीत एक पंखा होता, तोही मेकअपवालीने बंद करायला लावलेला. मी सकाळी दहाला ओढणी लावली. साडेअकरापर्यंत तीनदा नीट केली. उजवीकडे आतून वजन होतं, तरी ती डावीकडे ओढतच होती. तिसऱ्यांदा पिना काढल्या तेव्हा पिनांबरोबर अनघाचे केस आले. ती ‘हं’ एवढंच म्हणाली.

मुहूर्ताआधी ती गौरीहरापाशी बसली. नवरी अन्नपूर्णेवर अक्षता वाहत बसते, ते. प्रत्येक वेळी पुढे वाकायचं, प्रत्येक वेळी ओढणी खाली. चौथ्यांदा वाकली आणि डावी बाजू सगळी निसटली, पिनांसकट. जाळी खांद्यावर आली. घामाने मेकअप केव्हाच वाहून गेला होता. मी धावले, तोंडात पिना धरून. वहिनी माझ्याआधी पोचल्या. त्या ओढणी पुन्हा डोक्यावर घ्यायला लागल्या तशी अनघाने त्यांचं मनगट धरलं.

‘राहू दे, आई.’

तेवढ्यात केतनची आत्या साडीचं ताट घेऊन खोलीत आली.

‘हे काय आहे? हे अंगावर आहे तुमच्या मुलीच्या? फसवलंत तुम्ही आम्हाला!’ आत्या ओरडली. बायका जमल्या. केतनचे वडील आले, अनघाचे वडील आले. अनघाचे वडील खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मग केतनला बोलावलं. तो मुंडावळ्या बांधून आला.

आत्याने विचारलं, ‘तुला माहीत होतं हे?’

त्याने अनघाकडे बघितलं. मग वडिलांकडे. म्हणाला, ‘नाही. मला कोणी काही सांगितलं नव्हतं.’

बाहेर स्पीकरवर सनई चालू होती. अनघा त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

माझ्या तोंडात पिना होत्या. पाच का सहा. त्या काढल्याशिवाय बोलता येत नव्हतं. मी एकेक काढली, डबीत ठेवली. त्याला वेळ लागला, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. पिना थुंकूनही टाकता येतात. तेवढ्या वेळात मी काय मोजत होते, ते मला माहीत आहे. वहिनींनी पाठवलेल्या मुली, पुढे येणाऱ्या मुली, गाव.

मग मी बोलले. ‘याला माहीत होतं. माझ्या पडवीत बसून हिने याला दाखवलं. आणि यानेच मला सांगितलं, काम मानेपर्यंत घ्या, फोटोत दिसतं. त्याचं माप माझ्या घरी कागदावर लिहिलेलं आहे. हिरा होती समोर, तिलाही विचारा.’

आधी वहिनी माझ्यावर तुटून पडल्या. ‘तुम्ही माझ्या मुलीला घरी बोलावून त्याच्याशी भेटवलंत? मला न विचारता?’ आत्या म्हणाली, ‘ही कोण बाई मध्ये बोलणारी?’ केतन पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याच्या वडिलांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि त्या माणसाने जे केलं त्याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. तो अगदी शांत आवाजात म्हणाला, ‘झालं ते झालं. माणसं जमलीत, जेवणं तयार आहेत. मुलाला माहीत होतं ना? मग विषय संपला. मुहूर्त चुकवू नका.’ आणि मला म्हणाला, ‘बाई, ती ओढणी नीट लावा आणि मुलीला बाहेर आणा.’

आणि सगळ्यांना ते पटलं! आत्या गप्प झाली. वहिनींनी डोळे पुसले आणि ‘लावा, लावा’ म्हणाल्या. मेकअपवाली ब्रश घेऊन पुढे आली. फसवलं, फसवलं म्हणणारी माणसं पाच मिनिटांत एक झाली, कशावर? मुलीला पुन्हा झाकायचं, यावर. जो खोटं बोलला, त्याला कोणी एका शब्दाने काही विचारलं नाही.

मी ओढणी हातात घेऊन उभी होते. अनघा उठली. म्हणाली, ‘घडी करा, काकू.’

‘अनघा!’ वहिनी म्हणाल्या.

‘मला याच्याशी लग्न करायचं नाही. डागाचं सोड, आई. हा माझ्यासमोर खोटं बोलला.’ आणि वडिलांना म्हणाली, ‘बाबा, घरी जाऊ या.’

मुख्याध्यापक खुर्ची सोडून पुढे आले. त्यांनी मुलीचा हात धरला आणि मागच्या दाराने दोघं बाहेर पडले. मी तिथेच, त्या सगळ्यांसमोर, ओढणीची घडी केली. घडी नीट झाली. इतक्या वर्षांची सवय.

त्यानंतर चौल-नागावच्या वाड्यांमध्ये सांगितलं गेलं, की सुनंदाने लग्न मोडलं. दोन वर्षं त्या बाजूने एकही ओढणी आली नाही. वहिनी बाजारात भेटल्या तर रस्ता बदलतात. केतनचं त्याच वर्षी दुसरीकडे लग्न झालं, थाटात. त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलल्याचं माझ्या कानावर नाही. ती ओढणी न्यायला कोणी आलं नाही. हिराने आणि मी मिळून ती उसवली. दाट काम काढल्यावर खालची जाळी इतकी फाकलेली निघाली, की फेकून द्यावी लागली. म्हणजे माझ्या हातून जाळी फाटत नाही, हेही खोटंच होतं.

आता माझा एक नियम आहे. माप घ्यायला मुलीने एकटं यायचं. कुठे काय हवं, ते तिने सांगायचं. ज्या आयांना हे पटत नाही, त्यांना मी उठून दारापर्यंत पोचवते. एकदा एक बाई म्हणाली, ‘भलत्याच तोऱ्याच्या आहात.’ म्हटलं, हो, आहे.

गेल्या हिवाळ्यात अनघा आली होती. दुकानातल्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय, तिला ओढणी हवी म्हणून घेऊन आली. डाग आता दोन्ही गालांवर आहेत. तिने काही लावलेलं नव्हतं. मैत्रीण हिराबरोबर मोती निवडत बसली, तेव्हा अनघा माझ्याजवळ पायरीवर आली. मला वाटलं, आता आभार मानेल. खोटं कशाला सांगू, मी वाटच बघत होते त्याची.

ती म्हणाली, ‘काकू, त्या दिवशी तुम्ही बोललात ते बरं झालं. नाहीतर सगळे मलाच खोटारडी म्हणाले असते.’

मी जरा सरकून तिला बसायला जागा केली.

‘पण मी पहिल्यांदा आले होते ना, तेव्हा बोलायला हवं होतंत. मला तेव्हा जास्त गरज होती.’

मी म्हटलं, ‘हो. चुकलं माझं.’

ती मान हलवून आत गेली, आणि मैत्रिणीला सांगायला लागली की मोती बारीकच घे, मोठ्यांनी डोकं दुखतं.